रॉकबॉक्स : एक पर्यायी संहिता आणि तिचे वाचक

आमच्या मराठी विभागात काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने प्रवेश घेतला. अभ्यासक्रमातील संहिता त्याच्यापर्यंत पोहोचवायच्या कशा, हा प्रश्न तेव्हा प्रथमच आमच्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याला हव्या असलेल्या पुस्तकांपैकी बहुतेक ब्रेलमध्ये आम्हांला मिळाली नाहीत. तेव्हा आम्ही तिघांनी पुस्तके वाटून घेतली आणि तास संपल्यावर, स्टाफरूममधला पंखा बंद करून, ती मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. 'लीळाचरित्रा'तील निवडक लीळा एकाकडे, 'ज्ञानेश्वरी'चा नववा अध्याय दुसऱ्याकडे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिसरीकडे. दिवाळीपर्यंत तासन्‌तास ऐकावे एवढे वाचन जमले आणि आपण काहीतरी केले असे समाधान आम्हांला वाटू लागले.

ते फार दिवस टिकले नाही. विद्यार्थ्याकडे बाजारात मिळणारा एक साधा एमपी-थ्री प्लेयर होता. त्याच्या पडद्यावर फाइलींची नावे उमटत. पण ती वाचणार कोण? आपल्याला हवे ते प्रकरण तो कळा मोजून शोधत असे. 'स्मृतिचित्रे'चा तिसरा भाग म्हणजे सुरुवातीपासून सत्तेचाळीस वेळा पुढची कळ. मधेच कोणी हाक मारली आणि मोजणी चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. यंत्र बंद करून सुरू केले, की तेही पहिल्यापासून. आम्ही ज्याला त्याचे वाचन समजत होतो, त्यातला बराच वेळ मोजण्यात जात होता. हे त्याने आम्हांला तक्रार म्हणून सांगितले नाही. 'ह्या फाइलींचा क्रम कृपया बदलू नका, मला पाठ झालाय,' एवढेच तो एकदा म्हणाला, आणि मग आम्हांला सगळा प्रकार कळला.

'स्मार्टफोन घ्या, त्यात पडदा वाचून दाखवणारी सोय असते,' असा सल्ला आमच्यापैकीच एकाने दिला. सल्ला चुकीचा नव्हता. आज अनेक दृष्टिहीन विद्यार्थी फोन अत्यंत कौशल्याने वापरतात. पण आमच्या विद्यार्थ्याला काच नको होती. तो रोज एस.टी.ने येई. एका हातात पांढरी काठी असलेल्या माणसाला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, खिशातून बाहेर न काढता चालवता येईल अशी वस्तू त्याला हवी होती. तिला खऱ्या, उंचवट्याच्या, दाबल्यावर 'टक्' करणाऱ्या कळा हव्यात आणि तिने बोलले पाहिजे. ह्या दोन अटी एकत्र पूर्ण करणारे यंत्र शोधता शोधता आम्ही रॉकबॉक्स ह्या नावापाशी आलो. आम्ही यंत्र शोधत होतो आणि हाती एक इतिहास लागला. साहित्याच्या शिक्षकांनी तो सांगण्यासारखा आहे असे आम्हांला वाटते, म्हणून हा लेख.

फर्मवेअर ही काय चीज आहे, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणकावर आपण आज्ञावल्या घालतो, काढतो. पण लहान यंत्राच्या पोटात कारखान्यातूनच एक आज्ञावली वस्तीला आलेली असते. कोणती कळ दाबल्यावर काय व्हावे, पडद्यावर काय दिसावे, गाणे कोठून सुरू व्हावे हे सारे तीच ठरवते. यंत्र आपण विकत घेतो. ही आज्ञावली मात्र यंत्राबरोबर येते आणि बहुधा बंद असते. तिच्यात काय लिहिले आहे ते ग्राहकाला वाचता येत नाही, बदलता तर मुळीच येत नाही. रॉकबॉक्स म्हणजे कंपनीच्या ह्या आज्ञावलीच्या जागी घालण्यासाठी लोकांनी लिहिलेली, सर्वांना वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळी असलेली दुसरी आज्ञावली.

तिचा जन्म २००१च्या डिसेंबरात स्वीडनमध्ये झाला. त्याआधी दोनच महिने, २३ ऑक्टोबर २००१ रोजी, ॲपलने पहिला आयपॉड जाहीर केला होता. खिशातल्या संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण ह्या दुसऱ्याच तारखेपासून सुरुवात करतात. खरे तर कोरियातील साएहान कंपनीचा एमपीमॅन आणि अमेरिकेतील डायमंड कंपनीचा रिओ हे दोन्ही १९९८ सालचे. पण त्यांच्यात जेमतेम तासाभराचे संगीत मावे. आर्कोस ह्या फ्रेंच कंपनीने २०००च्या अखेरीस 'ज्यूकबॉक्स ६०००' बाजारात आणला. त्यात लॅपटॉपमध्ये असते तशी ६ गिगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि चार पेन्सिल सेल होते. वीट म्हणावी असा आकार. पण सगळा संग्रह एका विटेत मावत होता.

यंत्र चांगले, पण त्याच्यातली आज्ञावली कच्ची, अशी अनेक खरेदीदारांची भावना झाली. अशा भावनेतून एरवी कंपनीला पत्रे लिहिली जातात. ब्यॉर्न स्टेनबर्ग, त्यांचे बंधू डॅनियल स्टेनबर्ग आणि लिनस नील्सन फेल्टसिंग ह्या तिघा स्वीडिश प्रोग्रॅमरांनी ठरवले, की ही आज्ञावली आपणच नव्याने लिहायची. (ह्यांतले डॅनियल म्हणजे 'कर्ल' ह्या आज्ञावलीचे कर्ते. आंतरजालावर माहितीची ने-आण करणारी ही आज्ञावली आज जगातील असंख्य यंत्रांत मुकाट्याने काम करते आहे.) कंपनीने यंत्राचा आराखडा त्यांना दिलेला नव्हता. कोणता तुकडा कशाला जोडला आहे, हे यंत्र उघडून, मूळ आज्ञावलीचे यंत्रभाषेतील रूप वाचून आणि चुकत चुकत शोधायचे होते.

पण एक दार उघडे होते, आणि ते कंपनीनेच ठेवलेले होते. हा यंत्रातला डिस्कवाला खेळ मोठा गमतीचा आहे. आर्कोस सुरू होताना डिस्कवर एका ठरावीक नावाची फाइल आहे का ते पाही, आणि असल्यास आपल्या पोटातली जुनी आज्ञावली बाजूला ठेवून त्या फाइलीतली चालवी. पुढेमागे स्वतःच्या सुधारणा ग्राहकांपर्यंत पोहोचवता याव्यात, म्हणून केलेली ही सोय. त्या फाइलीतल्या बिट्सची जागा मात्र अदलाबदल करून ठेवलेली होती, म्हणजे सहज उघडून पाहणाऱ्याला ती गिचमीड वाटावी. हे वाचताना आमच्यातल्या महानुभाव वाङ्मय शिकवणाऱ्या सहकाऱ्याला सकळ लिपी आठवली नसती तरच नवल. तिथेही अक्षरांच्या जागी अक्षरे घालून ग्रंथ अनधिकाऱ्यांपासून झाकलेले होते. आणि राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधल्यावर एक अख्खे वाङ्मयदालन खुले झाले. आर्कोसचे झाकण सकळ लिपीपेक्षा बरेच तकलादू निघाले. ब्यॉर्न यांनी ती गिचमीड सोडवणारी आणि पुन्हा तशीच घालणारी अशा दोन छोट्या आज्ञावल्या लिहिल्या. आता आपण लिहिलेली फाइल त्या ठरावीक नावाने डिस्कवर ठेवली, की यंत्र ती कंपनीचीच समजून चालवू लागे.

जून २००२मध्ये रॉकबॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. पहिल्या यंत्रांची कुवत लक्षात घेतली म्हणजे ह्या कामाचे मोल कळते. आर्कोसचा मुख्य प्रोसेसर सुमारे १२ मेगाहर्ट्झचा आणि स्मृती २ मेगाबाइटची. एमपी-थ्रीचा उलगडा करण्याइतके बळ त्या प्रोसेसरमध्ये नव्हते. ते काम मायक्रोनास कंपनीची एक वेगळी चिप करी. आज्ञावलीने करायचे ते एवढेच, की डिस्कवरून मजकूर उचलून स्मृतीत ठेवायचा, डिस्क झोपवायची (म्हणजे सेल वाचतात) आणि स्मृतीतला मजकूर खंड न पडू देता चिपला भरवत राहायचा. एवढ्याशा घरात पुढल्या वर्षांत याद्या आल्या, खुणा ठेवण्याची सोय आली, खेळसुद्धा आले.

आमच्या दृष्टीने ह्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष मात्र २००४ हे आहे. ह्या सुमारास रॉकबॉक्सचे मेनू बोलू लागले. कळ दाबून पुढे जावे तसतसा प्रत्येक पर्याय आवाजात सांगितला जाई. आज्ञावली मोकळी असल्यामुळे डोळस प्रोग्रॅमर जे वैभव म्हणून लिहीत होते, ते दृष्टिहीन वापरकर्त्यांनी गरज म्हणून उचलले, तपासले आणि त्यातल्या चुका कळवल्या. ह्या तारखेशेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहाव्यात. ॲपलच्या आयपॉड नॅनोत बोलणारे मेनू आले ते सप्टेंबर २००८मध्ये, आयपॉड शफलमध्ये मार्च २००९मध्ये आणि आयफोनमध्ये त्याच वर्षीच्या जूनमध्ये. म्हणजे जगातील एका श्रीमंत कंपनीच्या प्लेयरला जे सुचायला २००८ उजाडले, ते एका फावल्या वेळच्या उद्योगाने चार वर्षे आधी, तेही २ मेगाबाइट स्मृतीच्या विटेवर करून दाखवले होते. ॲपलने पुढे ह्या क्षेत्रात केलेले काम मोठे आहे, हे नाकारण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा क्रमाचा आहे. आणि इतिहासात क्रम ही किरकोळ गोष्ट नसते.

२००४-०५च्या सुमारास रॉकबॉक्सने आर्कोसचे घर ओलांडले. आयरिव्हर ह्या कोरियन कंपनीच्या एच-१०० मालिकेतील यंत्रांत मोटोरोलाचा कोल्डफायर प्रोसेसर होता आणि स्वतःच ध्वनीचा उलगडा करण्याइतके बळ त्याच्यात होते. स्वतंत्र चिपचे अवलंबन संपले आणि आज्ञावलीला एमपी-थ्रीखेरीज ऑग व्हॉर्बिस, फ्लॅक अशा, कोणाच्या पेटंटमध्ये न अडकलेल्या ध्वनिरूपांचे वाचन शिकवता आले. (एमपी-थ्रीचे परवाने देणे फ्राउनहोफर संस्थेने २०१७मध्ये थांबवले, तोवर ते रूप मोकळे नव्हते.) ध्वनी अखंड वाजवण्याचा प्रश्नही इथे सुटला. एमपी-थ्रीत ध्वनी ११५२ नमुन्यांच्या चौकटींत कापला जातो. सीडीच्या मापाने एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. शेवटची चौकट भरण्यासाठी शांतता घालावी लागते, सुरुवातीलाही थोडी येते. त्यामुळे दोन फाइलींच्या सांध्यावर ठेच लागते. सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन भाग केलेला ख्याल ज्यांनी जुन्या प्लेयरवर ऐकला आहे, त्यांना ही ठेच ठाऊक असेल. समेवर येता येता बुवा क्षणभर नाहीसे होतात. किती शांतता भरली ह्याची नोंद 'लेम' ही एमपी-थ्री करणारी आज्ञावली फाइलीतच ठेवते. रॉकबॉक्स ती नोंद वाचून तेवढा भाग गाळतो.

आयपॉडची कथा वेगळी. सुरुवातीच्या आयपॉडांवर लिनक्स चालवण्याचा एक स्वतंत्र प्रकल्प आधीपासून सुरू होता. त्याने जमवलेल्या ज्ञानावर उभे राहून रॉकबॉक्स तिथे पोहोचला. पण २००६च्या दुसऱ्या पिढीच्या नॅनोपासून ॲपलने फर्मवेअर कूटबद्ध करायला सुरुवात केली, आणि हे कुलूप आर्कोसच्या गिचमिडीसारखे नव्हते. २००९मध्ये ते उघडले ते फार मासलेवाईक वाटेने. आयपॉडवर टिपणे वाचण्याची एक सोय होती, आणि त्या सोयीतील एका त्रुटीतून आत शिरता आले. टिपणे वाचणारा भाग मूळ संहितेचे दार उघडून देतो, हे आमच्या व्यवसायातील माणसांना सांगायला नको.

सप्टेंबर २००५मधील २.५ आवृत्तीनंतर ३.० आवृत्ती निघायला सप्टेंबर २००८ उजाडले. मधली तीन वर्षे कोणी झोपले नव्हते. लोक रोज तयार होणारी ताजी प्रत उतरवून घेत आणि वापरत. आवृत्ती म्हणजे काय, ह्याविषयीच्या आपल्या कल्पना ह्या कामाला नीटशा लागू पडत नाहीत. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली आणि का, ह्याची नोंद जाहीर आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये 'ज्ञानेश्वरी' शुद्ध केली हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या समोर कोणत्या प्रती होत्या आणि त्यांनी कुठे कुठे हात घातला ह्याची यादी त्यांनी मागे ठेवली असती, तर आपल्याकडील किती पाने भरून झालेले वाद वाचले असते! अर्थात नाथांच्या हातून एक ग्रंथ घडला. रॉकबॉक्सच्या नोंदीतून अजून कोणी एकनाथ निर्माण झालेला नाही, हेही खरे.

आता खरेदीकडे वळतो. कोणते यंत्र घ्यावे, ह्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही, हे आम्हांला लवकरच कळले. रॉकबॉक्स ज्यांवर उत्तम चालतो ती यंत्रे बहुतांशी बाजारातून गेलेली. हार्ड डिस्कवाला जुना आयपॉड घ्यावा, त्यातली डिस्क काढून अडॅप्टरच्या साहाय्याने मेमरी कार्ड बसवावे, बॅटरी नवी घालावी, असा हौशी मंडळींचा आज आवडता मार्ग आहे. संग्रह मोठा असेल तर तो योग्यच. पण आयपॉडचे चक्र स्पर्शावर चालते, बोट किती फिरले ह्याला महत्त्व असते. आमच्या अटीत ते बसेना. अलीकडच्या यंत्रांपैकी शानलिंग क्यू-१वर रॉकबॉक्स चालतो, पण त्याचा पडदाच स्पर्शाचा. एक्सड्युओ एक्स-३ला कळा आहेत, दोन कार्डांची सोय आहे. तो आम्हांला जुना-नवा कसाही मिळाला नाही. अखेर आमची निवड सॅनडिस्कच्या 'सान्सा क्लिप प्लस'वर स्थिरावली. २००९मधले हे यंत्र काडेपेटीहून लहान, खिशाला अडकवायची चाप असलेले. चौकोनी कळपट्टीच्या मधोमध एक कळ, तिच्याभोवती चार दिशा, आवाजाच्या कळा कडेला आणि कार्डाची खाच. अंगठ्याला सगळा नकाशा एका आठवड्यात पाठ व्हावा.

निवड झाली तरी ओळख पटवणे बाकी होते, आणि इथे आम्ही फसलो. जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने 'क्लिप' म्हणून पाठवलेले यंत्र 'क्लिप स्पोर्ट' निघाले. नाव तेच, घराणे तेच, पण आतली चिप निराळी. त्यावर रॉकबॉक्स चालत नाही. चूक विकणाऱ्याची जेवढी तेवढीच आमची. छायाचित्रातला पडदा रंगीत होता, आणि क्लिप प्लसचा पडदा वर पिवळी पट्टी व खाली निळी अक्षरे असा दुरंगी असतो, हे आम्ही वाचलेले होते. वाचलेले आणि पाहिलेले ह्यांची सांगड घातली नाही, एवढेच. सॅनडिस्कच्याच ई-२०० ह्या मालिकेत तर प्रकरण ह्याहून बिकट आहे. बाहेरून अगदी एकसारखी दिसणारी दोन यंत्रे. एकात पोर्टलप्लेयरची चिप, दुसऱ्यात दुसऱ्याच कंपनीची. दोहोंना रॉकबॉक्सच्या वेगवेगळ्या प्रती लागतात. ओळखायचे कसे? यंत्र सुरू करून मूळ फर्मवेअरचा क्रमांक पाहायचा : ०१ने सुरू होत असेल तर पहिले रूप, ०३ने होत असेल तर दुसरे. मुखपृष्ठ तेच ठेवून आतला मजकूर बदललेल्या पुनर्मुद्रणांशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना ह्यात नवे काही वाटणार नाही. आपणही आतला छापखान्याचा तपशील पाहूनच प्रत ठरवतो.

दुसऱ्या प्रयत्नात खरा क्लिप प्लस मिळाला. रॉकबॉक्स घालण्याची रीत आम्हांला आर्कोसच्या कथेची सख्खी बहीण वाटली. ह्या यंत्रातही कंपनीने सुधारणेचे एक दार ठेवलेले आहे : ठरावीक नावाची फाइल यंत्रावर ठेवून संगणकापासून ते तोडले, की यंत्र स्वतःला अद्ययावत करते. रॉकबॉक्सची घालून देणारी आज्ञावली कंपनीच्या मूळ फाइलीत आपला छोटासा प्रवेशक मिसळते आणि ती मिश्र फाइल त्या दारातून आत पाठवते. पण मूळ फाइल ती स्वतः पुरवत नाही. तिचे स्वामित्व कंपनीचे, म्हणून ती वापरणाऱ्याने स्वतः आणून हाती द्यायची. हा काटेकोरपणा आम्हांला आवडला. दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे, आपले ते सर्वांचे. आणखी एक : मूळ आज्ञावली पुसली जात नाही. डावी कळ दाबून धरून यंत्र सुरू केले, की कंपनीचीच पोथी उघडते. दोन्ही पाठ एकाच बांधणीत.

सारे चांगले होते असे मात्र नाही. रॉकबॉक्सची रचना ज्यांनी ती लिहिली त्यांच्यासारख्यांना सोयीची आहे. सेटिंग्जचे जंगल असे, की आम्ही तिघे एम.ए. त्यात दोन दुपारी हरवलो. एखाद्या सरकारी अर्जासारखा त्याचा चेहरा. विद्यार्थ्याला त्याचे काही सोयरसुतक नव्हते, हे सुदैव. जुन्या यंत्राची बॅटरी थकलेली, त्यामुळे चार्जर रोज बरोबर न्यावा लागतो. आणि आम्ही घातलेला बोलका आवाज इंग्रजी. तो मेनू इंग्रजीत सांगे, ते ठीक. पण फाइलींची नावे तो अक्षरे सुटी करून वाचू लागला. आम्ही रोमन लिपीत नावे दिली होती. 'लीळाचरित्र' हे नाव एल, आय, एल, ए अशा थाटात संपेपर्यंत विद्यार्थी हसून बेजार झाला.

तोडगा रॉकबॉक्समध्येच होता. प्रत्येक फाइलीशेजारी तिच्या नावाची एक बारीक ध्वनिफीत ठेवता येते. फाइलीवर आले की यंत्र अक्षरे वाचण्याऐवजी तीच ऐकवते. फोल्डरलाही तशी ठेवता येते. ती यांत्रिक आवाजातच असावी असा दंडक नाही. आम्ही पुन्हा पंखा बंद केला आणि नावे वाचली : 'स्मृतिचित्रे, भाग पहिला', 'लीळाचरित्र, पूर्वार्ध', 'ज्ञानेश्वरी, अध्याय नववा'. ठरावीक रूपात ती आणून, ठरावीक नावाने ज्याच्या त्याच्या शेजारी ठेवणे हे कंटाळवाणे काम दोन शनिवार पुरले. आता त्या यंत्रात एक इंग्रजी यंत्रवाणी 'फाइल्स' म्हणते आणि पुढच्याच कळेला आमच्या विभागातला वऱ्हाडी वळणाचा आवाज 'अध्याय नववा' म्हणतो. यंत्र थांबवले की जागेची खूण आपोआप राहते आणि दुसऱ्या दिवशी वाचन तिथूनच पुढे सुरू होते. शिवाय स्वर न बदलता गती वाढवण्याची सोय आहे. आम्ही इतके सावकाश, अर्थ सांभाळून केलेले वाचन तो दीडपट वेगाने ऐकतो, हे कळल्यावर आमच्यातील एक सहकारी थोडे दुखावले. वर्गात दीडपटीची सोय नाही म्हणून तो आम्हांला सहन करत असावा.

ह्या यंत्रांचे पुढे काय, ही काळजी मात्र आहे. २०१४मध्ये आयपॉड क्लासिक आणि २०२२मध्ये आयपॉडचे शेवटचे रूप बंद झाले. खिशातला स्वतंत्र प्लेयर ही वस्तूच आता हौशी लोकांपुरती उरली आहे. रॉकबॉक्सचे काम चालू आहे, ४.० ही आवृत्ती एप्रिल २०२५मध्ये निघाली. पण तिच्यात आर्कोस नाही. ज्या विटेसाठी हा सारा उद्योग सुरू झाला, तिच्याकरता लिहिलेले भाग २०२०मध्ये मूळ संहितेतून काढून टाकण्यात आले. सांभाळणारे हात थोडे, यंत्रे वापरणारी माणसे त्याहून थोडी. निर्णय समजण्यासारखा आहे. जुन्या नोंदींत ते भाग आजही पाहता येतात. आम्ही त्या पाहिल्या. आज्ञावलीची भाषा आम्हांला येत नाही, पण कोणत्या ओळी गेल्या एवढे दिसते. ज्या नकलेपासून पोथीची परंपरा सुरू झाली तीच नक्कल फडताळातून काढून टाकल्यासारखे ते वाटले.

विद्यार्थी आता एम.ए. होऊन बाहेर पडला आहे. जाताना यंत्र त्याने विभागाला परत दिले, कारण पुढच्या वर्षी दृष्टिहीन विद्यार्थिनी येणार असे त्याच्या कानावर आले होते. स्वतःसाठी त्याने दुसरे जुने क्लिप प्लस मिळवले, आणि पडदा दुरंगी असल्याची खात्री एका मित्राकडून करून घेतली. परत आलेले यंत्र आम्ही सुरू करून ऐकले. नावांच्या ध्वनिफितींपैकी काही त्याने बदलल्या होत्या. 'लीळाचरित्रा'तील काही लीळांच्या नावांचे उच्चार आम्ही चुकीचे केले होते. तिथे आता त्याचा आवाज आहे. आमच्या जुन्या फिती त्याने पुसल्या नाहीत, शेजारच्या एका फोल्डरमध्ये ठेवल्या. त्या फोल्डरवर कळ थांबवली की तो म्हणतो, 'पाठभेद'.